राज्याचा प्राप्तिकर रायपूरच्या हिताचा नाही

राज्यांना आपल्या हद्दीतील बड्या उत्पन्नधारकांवर स्वतंत्र प्राप्तिकर, किंवा निदान केंद्राच्या प्राप्तिकरावर स्वतःचा अधिभार लावण्याची मुभा मिळावी, ही सूचना केंद्र-राज्य आर्थिक संबंधांच्या चर्चेत वारंवार डोके वर काढते. कोणत्याही केंद्र सरकारने आजवर तसे विधेयक संसदेत आणलेले नाही. परंतु वित्त आयोगाचा अहवाल येतो, राज्यांच्या तिजोरीतील खडखडाट चर्चेत येतो, तेव्हा ही मागणी नव्या जोमाने मांडली जाते. वस्तू व सेवा कराने राज्यांचे हात बांधले गेले, मग श्रीमंतांच्या उत्पन्नातला वाटा त्यांनी थेट का घेऊ नये, असा हा युक्तिवाद आहे. वरकरणी तो न्याय्य वाटतो. छत्तीसगढसारख्या राज्याच्या दृष्टीने तपासला असता मात्र तो या राज्याच्याच मुळावर येणारा आहे, हे ध्यानात येते.

मागणीमागील खरी अडचण

ही मागणी हवेतून आलेली नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मूल्यवर्धित कर, प्रवेश कर असे राज्यांचे हुकमी स्रोत त्यात विलीन झाले. हा कर वस्तू जेथे खपते त्या राज्याला मिळतो. पोलाद, सिमेंट आणि वीज निर्माण करून बाहेर धाडणाऱ्या छत्तीसगढला त्याचा फटका बसणे अटळ होते. नुकसानभरपाईची पाच वर्षे जून २०२२ मध्ये संपली. राज्याच्या हाती स्वतःचे म्हणावे असे मद्यावरील उत्पादन शुल्क, पेट्रोल-डिझेलवरील कर, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि खनिजांचे स्वामित्वधन एवढेच उरले.

दुसरीकडे खर्चाच्या बांधिलक्या वाढत गेल्या. धानाची ३१०० रुपये क्विंटल दराने एकरी २१ क्विंटलपर्यंत खरेदी आणि मार्च २०२४ पासून सुमारे ७० लाख विवाहित महिलांना दरमहा १००० रुपये देणारी महतारी वंदन योजना ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत. महतारी वंदनचाच हिशेब केला तर वर्षाला ८ हजार कोटींच्या वर रक्कम जाते. त्याआधी भूपेश बघेल सरकारने २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना पुन्हा दिली, तिचा खरा भार पुढील दशकांत दिसेल. सरकारे बदलली तरी या बांधिलक्या मागे घेण्याचे धाडस कोणी करणार नाही. तेव्हा पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर चुकीचे आहे, एवढाच येथील आक्षेप आहे.

घटनेतील भिंत

शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर हा घटनेच्या सातव्या परिशिष्टातील केंद्र सूचीचा, नोंद ८२ चा विषय आहे. राज्याला तेथे प्रवेश हवा असेल तर परिशिष्टातील सूचीच बदलावी लागेल. त्यासाठी कलम ३६८ नुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत आणि शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती आवश्यक आहे.

राज्यांना एक चोरवाट मात्र घटनाकारांनीच ठेवली आहे. कलम २७६ अन्वये व्यवसाय, व्यापार आणि नोकरी यांवर राज्याला कर लावता येतो; महाराष्ट्रात त्याला व्यवसाय कर म्हणतात, मध्य प्रदेश-छत्तीसगढकडे वृत्तिकर. त्याची वार्षिक कमाल मर्यादा मुळात २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २५०० रुपये झाली. तीन दशकांहून अधिक काळ लोटला तरी ती तेथेच आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ती १२ हजार रुपये करण्याची शिफारस केली होती. कलम २७६ मधील दुरुस्तीला राज्यांच्या संमतीची अट नाही, दोन्ही सभागृहांतील विशेष बहुमत पुरते. म्हणजे तुलनेने सोपा असलेला हा मार्गदेखील केंद्राने चोखाळलेला नाही. जो शासकवर्ग २५०० चे १२ हजार करायला धजत नाही, तो नोंद ८२ राज्यांसाठी खुली करील, ही आशा बाळगणाऱ्यांनी संसदेचा स्वभाव ओळखलेला नाही.

श्रीमंतांचा कर सामान्यांवर कसा उतरतो

महाराष्ट्रातील व्यवसाय कराचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९७५ मध्ये तो आला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या त्या योजनेला शहरातील नोकरदाराने हातभार लावावा, हा त्यामागचा उदात्त हेतू होता आणि त्यातून देशाला पुढे दिशा देणारे काम उभे राहिले, यात शंका नाही. परंतु आज त्या कराचे स्वरूप काय आहे? महिन्याला दहा हजारांहून थोडे अधिक कमावणारा पुरुष कर्मचारी दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २५०० रुपये भरतो. कोट्यवधी कमावणारा कंपनी संचालकही तेवढेच भरतो. महिलांना २०२३ मध्ये २५ हजार रुपये मासिक वेतनापर्यंत सूट मिळाली, ती वगळता महागाईने रुपयाची किंमत कितीही घसरली तरी पायरी वर सरकली नाही. पंजाबने २०१८ मध्ये विकास कर आणला तोही प्राप्तिकर भरणाऱ्या सर्वांवर दरमहा सरसकट २०० रुपये असाच.

केंद्राचा अनुभव वेगळा नाही. पी. चिदंबरम यांनी २०१३-१४ च्या अर्थसंकल्पात १ कोटीहून अधिक उत्पन्नावर १० टक्के अधिभार लावला, तेव्हा तो एका वर्षापुरता असल्याचे लोकसभेत सांगितले होते. त्या वेळी एवढे उत्पन्न मान्य करणारे देशात केवळ ४२,८०० जण होते. तो अधिभार गेला नाही. २०१५ मध्ये १२ टक्के, २०१६ मध्ये १५ टक्के झाला, २०१७ मध्ये ५० लाखांवरील उत्पन्नालाही तो लागू झाला आणि २०१९ मध्ये ५ कोटींवरील उत्पन्नासाठी तो ३७ टक्क्यांवर गेला. कर चढताना मर्यादा खाली येते, हा याचा अर्थ. आज ‘बडा’ म्हणजे कोट्यधीश; उद्या राज्याची गरज वाढली की तीस लाखांचा वरिष्ठ अधिकारी आणि परवा पंधरा लाखांचा अभियंता त्याच व्याख्येत बसेल. त्यांचे वेतन आहरण अधिकाऱ्याच्या नोंदीत पैन् पै दिसते, टीडीएस आपोआप कापला जातो. वसुलीला सोपा असलेला माणूसच शेवटी वसुलीला सापडतो.

आणि या वसुलीतून कोण सुटेल, तेही पाहायला हवे. शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्य सूचीतील नोंद ४६ ने राज्यांना पहिल्या दिवसापासून दिलेला आहे. के. एन. राज समितीने १९७२ मध्ये मोठ्या शेतजमिनींवर कर लावण्याची सविस्तर योजनाही दिली होती. चहा-कॉफीच्या मळ्यांपलीकडे कोणत्याही राज्याने तो अधिकार गंभीरपणे वापरलेला नाही. जो अधिकार हाती आहे तो मतांच्या भीतीने म्यान करून ठेवायचा आणि नसलेल्या अधिकारासाठी दिल्लीच्या दारात उभे राहायचे, यात तत्त्वनिष्ठेपेक्षा सोयच अधिक दिसते. राज्याचा प्राप्तिकर आलाच तर शेकडो एकरांचा धनी त्याबाहेर राहील आणि भिलाईच्या कारखान्यातील सरव्यवस्थापक आत सापडेल.

उत्पन्न कोरब्यात, कर मुंबईत

छत्तीसगढच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. या राज्याच्या भूमीतून निघणाऱ्या संपत्तीचे उत्पन्न ज्यांच्या खिशात जाते, ते येथे राहत नाहीत. कोरब्याचा कोळसा काढणाऱ्या कंपनीचे मुख्यालय बिलासपूरला असले तरी तिची मालक कोल इंडिया कोलकात्यात आहे. बैलाडिल्याचे लोहखनिज काढणाऱ्या एनएमडीसीचे मुख्यालय हैदराबादेत, भिलाई पोलाद कारखाना चालवणाऱ्या सेलचे दिल्लीत. खासगी सिमेंट आणि वीज कंपन्यांचे बडे भागधारक आणि वरिष्ठ अधिकारी मुंबई, अहमदाबाद, दिल्लीत राहतात. देशातील प्रत्यक्ष करांपैकी एक तृतीयांशाहून अधिक वसुली एकट्या महाराष्ट्रात नोंदली जाते, ती मुख्यतः मुंबईमुळे.

संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ या करनिर्धारण वर्षात १ कोटीहून अधिक उत्पन्न दाखवणाऱ्या व्यक्ती देशभरात सुमारे २ लाख १६ हजार होत्या. त्यांतील बहुसंख्य कोणत्या शहरांत असतील, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. राज्याने आपापल्या हद्दीतील श्रीमंतांवर कर लावायचा ठरवला, तर तो मुंबई, बंगळुरू, दिल्ली आणि हैदराबाद यांच्या पदरात पडेल. ज्याच्याकडे श्रीमंत आहेत तोच अधिक श्रीमंत होईल, आणि खाणीची धूळ खाणाऱ्या राज्याला तिच्यातून आलेल्या उत्पन्नाचा कर मागता येणार नाही.

हा झगडा नवा नाही. १९२० च्या मेस्टन निवाड्याने प्राप्तिकर पूर्णपणे केंद्राकडे गेला, तेव्हा सर्वाधिक ओरड मुंबई आणि बंगाल या उद्योगप्रधान प्रांतांनी केली होती. पुढे १९३५ च्या कायद्यानंतर सर ऑटो निमायर यांनी प्राप्तिकराचा निम्मा वाटा प्रांतांना देऊ केला. प्रांतांच्या त्या हिश्श्यात मुंबईला २० टक्के, तर रायपूर ज्यात होते त्या मध्य प्रांत व वऱ्हाडला ५ टक्के मिळाले. तेव्हापासून एक गोष्ट स्थिर आहे : प्राप्तिकर केंद्राने गोळा करावा आणि वाटणीत गरज पाहावी. ज्या वर्षी छत्तीसगढ राज्य जन्माला आले त्याच २००० साली ऐंशीव्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या जवळपास सर्वच करांमध्ये राज्यांना वाटा मिळाला. पंधराव्या वित्त आयोगाने वाटणीच्या सूत्रात राज्याच्या दरडोई उत्पन्नातील तफावतीला ४५ टक्के आणि वनक्षेत्राला १० टक्के भार दिला, आणि राज्यांच्या एकूण वाट्यात छत्तीसगढला ३.४०७ टक्के हिस्सा मिळाला. देशाच्या लोकसंख्येत या राज्याचे प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार २.१ टक्के आहे. म्हणजे सामाईक निधीतून छत्तीसगढला लोकसंख्येच्या मानाने दीडपट मिळाले. स्वतंत्र प्राप्तिकराची मागणी म्हणजे या सूत्राचा पाया खिळखिळा करण्याची मागणी होय. कारण मुंबईला स्वतःचा कर मिळाला की सामाईक निधीसाठी भांडण्यात तिला स्वारस्य उरणार नाही.

बदलीच्या नोकरीचे काय?

या वृत्तपत्राच्या वाचकांना जवळचा असा एक व्यावहारिक प्रश्नही आहे. आज प्राप्तिकरासाठी माणूस भारताचा रहिवासी आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. राज्याचा कर आला की तो कोणत्या राज्याचा रहिवासी, हे ठरवावे लागेल. मूळ गाव साताऱ्याचे, नोकरी भिलाईत, नागपुरातले घर भाड्याने दिलेले आणि वर्षाच्या मध्यावर बदली रांचीला, अशा मराठी अधिकाऱ्याने कोणत्या राज्याला किती कर द्यायचा? भाड्यावर महाराष्ट्र हक्क सांगेल, वेतनावर छत्तीसगढ आणि झारखंड दोघेही. त्यावरचे तंटे सोडवणारी यंत्रणा आज अस्तित्वात नाही.

हे भय काल्पनिक नाही, हे वाहनांच्या बाबतीत आपण भोगले आहे. एका राज्यात आयुष्यभराचा वाहन कर भरून गाडी दुसऱ्या राज्यात नेली की तेथील परिवहन कार्यालयात नव्याने कर भरायचा आणि जुन्या राज्याकडून परतावा मिळवण्यासाठी खेटे घालायचे, हा बदलीच्या नोकरीतील प्रत्येकाचा अनुभव. त्यावर उपाय म्हणून केंद्राला २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिकेची नोंदणी सुरू करावी लागली. जो गोंधळ गाडीच्या करासाठी निस्तरता निस्तरेना, तो दरमहाच्या वेतनासाठी नव्याने मांडणे शहाणपणाचे नाही.

अमेरिकेचा दाखला

समर्थक अमेरिकेकडे बोट दाखवतात, आणि तो दाखला झटकून टाकण्याजोगा नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०२२ मध्ये १० लाख डॉलरवरील उत्पन्नावर ४ टक्के जादा कर मंजूर केला. श्रीमंत राज्य सोडून जातील, अशी हाकाटी झाली होती. प्रत्यक्षात अर्थसंकल्पात धरलेल्या १ अब्ज डॉलरच्या दुपटीहून अधिक वसुली झाली. कर लावला की धनिक पळून जातात, हा विरोधकांचा लाडका युक्तिवाद म्हणूनच येथे मांडलेला नाही. उलट, असंख्य मराठी कुटुंबे ज्या सिअ‍ॅटल परिसरात स्थायिक झाली आहेत त्या वॉशिंग्टन राज्यात २०१० साली बड्या उत्पन्नांवरील राज्य प्राप्तिकराचा प्रस्ताव सुमारे ६४ टक्के मतदारांनी फेटाळला. आज कोट्यधीशांवर लावलेला कर उद्या आपल्यापर्यंत येईल, ही शंका तेथील मध्यमवर्गाच्या मनातही होती.

परंतु या दोन्ही उदाहरणांतला खरा धडा वेगळा आहे. ही दोन्ही राज्ये आधीच सधन आहेत. मॅसॅच्युसेट्सचा पैसा मॅसॅच्युसेट्सच्या शाळांना आणि रस्त्यांना मिळाला. मिसिसिपीसारख्या गरीब राज्याला त्यातून काही मिळाले नाही. भारतीय संघराज्यात छत्तीसगढची जागा मॅसॅच्युसेट्सची नाही.

लढाई कोठे करावी

मग राज्याने हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. बड्या उत्पन्नावरील जादा कर देशात आजही आहे, फक्त राज्यांना त्यात वाटा नाही. नव्या करप्रणालीत २ कोटींवरील उत्पन्नाचा सर्वोच्च प्रभावी दर ३९ टक्के होतो. त्यातला मूळ कर ३० टक्के, अधिभार साडेसात आणि उपकर दीड. घटनेच्या कलम २७० व २७१ नुसार अधिभार आणि उपकर विभाज्य निधीबाहेर राहतात. म्हणजे ३९ पैकी ९ रुपयांना राज्ये हातही लावू शकत नाहीत. केंद्राच्या एकूण करमहसुलात अधिभार-उपकरांचे प्रमाण २०१० च्या दशकाच्या आरंभी दहा टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२०-२१ मध्ये वीस टक्क्यांच्या घरात गेले. वित्त आयोगाने राज्यांना ४१ टक्के द्यायचे, सोळाव्या आयोगानेही ते प्रमाण कायम ठेवायचे आणि केंद्राने वाटणीचे भांडेच लहान करायचे, असा हा प्रकार आहे.

हा अधिभार मूळ दरात विलीन झाला, तर श्रीमंताला एक पैसाही जादा भरावा लागणार नाही, कोणाचे निवासस्थान तपासावे लागणार नाही आणि पंधराव्या आयोगाचा हिस्सा धरला तरी देशभरातून गोळा होणाऱ्या प्रत्येक १०० रुपयांमागे छत्तीसगढला १ रुपया ४० पैसे येतील. मुंबईच्या श्रीमंताच्या करातला वाटाही त्यात असेल. महाराष्ट्रालाही त्याच हिशेबाने सुमारे २ रुपये ५९ पैसे मिळतील, तेव्हा या मागणीत दोन्ही राज्ये एका बाजूस उभी राहू शकतात. विलीनीकरण नको असेल तर अधिभारांचे प्रमाण ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यास वरची रक्कम आपोआप विभाज्य व्हावी, अशी तरतूद करता येईल.

राज्याच्या स्वतःच्या हद्दीतही उपाय आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २५ जुलै २०२४ रोजी ८ विरुद्ध १ अशा बहुमताने स्वामित्वधन हा कर नसल्याचा आणि खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना असल्याचा निर्वाळा दिला. संसदेला कायद्याने त्यावर मर्यादा घालता येते, हे खरे. म्हणूनच ती मर्यादा येऊ न देण्यासाठी खनिजसंपन्न राज्यांनी एकत्र यायला हवे. कोरबा आणि बैलाडिला येथून होणारी वसुली मुख्यालयाच्या पत्त्यावर अवलंबून नसते, खाण हलवता येत नाही.

श्रीमंतीचा दुसरा न हलणारा पुरावा जमीन. तिच्या बाबतीत राज्याची कामगिरी काय? बघेल सरकारने २०१९ मध्ये जमिनीचे मार्गदर्शक दर ३० टक्क्यांनी खाली आणले आणि ही सवलत २०२४ पर्यंत चालली. जमिनीची कागदावरील किंमत कमी म्हणजे मुद्रांक शुल्क कमी, आणि काळ्या पैशाला वाव अधिक. रायपूर आणि नवा रायपूरभोवती ज्या वेगाने भूखंडांचे व्यवहार झाले, ते पाहता धनिकांकडून न्याय्य वाटा घेण्याची साधने राज्याकडे नव्हती असे म्हणता येणार नाही. मालमत्ता कराची आकारणी प्रत्यक्ष किमतीशी जोडणे आणि मोठ्या शहरी मालमत्तांना चढता दर लावणे यांसाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही, राजकीय इच्छाशक्ती पुरेशी आहे.

वृत्तिकराची मर्यादा वाढवायची असेल तर तीही वाढवावी; मात्र चौदाव्या आयोगाने सुचवल्याप्रमाणे ती देशभर एकसमान असावी आणि खालची पायरी महागाईशी जोडून अल्पवेतन कर्मचाऱ्याला त्यातून आधी मुक्त करावे. एवढ्या अटी पाळल्या तर नोकरदारवर्गाने त्याला विरोध करण्याचे कारण नाही. संघराज्यात नोकरदाराने राज्याला काहीच देऊ नये, अशी भूमिका घेता येणार नाही.

छत्तीसगढचे लोकसभेत ११ आणि राज्यसभेत ५ सदस्य आहेत. अधिभार विभाज्य निधीत आणण्याच्या मागणीवर यांपैकी कोणाही पक्षाच्या सदस्याला आपल्या मतदारांसमोर संकोचण्याचे कारण नाही, कारण तिचा बोजा राज्यातील कोणावरही पडत नाही. अडचण एवढीच आहे, की ज्या पक्षाचे सरकार दिल्लीत असते त्याच्या खासदारांना राज्याचा वाटा मागताना घसा बसतो आणि विरोधात बसलेल्यांना सत्तेवर असताना आपणच लावलेले अधिभार आठवत नाहीत. अर्थविधेयकावरील चर्चेत हे सोळा सदस्य काय बोलतात, यावर राज्याच्या तिजोरीचे भवितव्य स्वतंत्र प्राप्तिकराच्या कोणत्याही ठरावापेक्षा अधिक अवलंबून आहे.